डोक्यावर पडलेल्या मुलाला नाक शिंकरायला लावू नका

मुंबईतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतोय : 'मूल डोक्यावर पडून कवटीत हवा शिरली, तर भोक पाडून ती काढावीच लागते, नाहीतर मूल दगावतं. सीटी स्कॅन टाळा, एक्स-रे पुरतो. नाकातून पाणी आलं तर ती सर्दी. वाफ द्या, नाक शिंकरायला लावा.'

शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. कवटीचा तळ तडकून मेंदूवरचं आवरण फाटलं, की आतलं पाणी नाकातून किंवा कानातून गळू लागतं. हवा आत शिरते तीही याच फटीतून. हे पाणी शेंबडासारखं चिकट नसतं. पातळ असतं, बरेचदा एकाच नाकपुडीतून येतं, आणि मूल पुढे वाकलं की जास्त टपकतं. जरा मोठं मूल घशात खारट लागतंय असं सांगतं. पावसाळ्यात घरोघरी नाकं वाहत असतात, त्यामुळे फसगत सहज होते. अशा वेळी जोरात शिंकरलं, तर हवा आणखी आत ढकलली जाते आणि जंतूही जातात; मेंदूज्वराची भीती असते ती म्हणूनच. नाकात थेंब, कापूस काहीही घालू नका. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून येऊ द्या. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं होणं किंवा कानामागे निळसर डाग उमटणं, ह्याही तळ तडकल्याच्याच खुणा.

भोक पाडावंच लागतं, हे खरं नाही. बहुतेक मुलांत हवा थोडीच असते आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप शोषली जाते. मुलाला उशाकडची बाजू उंच करून झोपवतात, लक्ष ठेवतात, कधी मास्कने ऑक्सिजन देतात. अडकलेल्या हवेत मुख्यतः नायट्रोजन असतो. ऑक्सिजनमुळे रक्तातला नायट्रोजन घटला की आतला लवकर शोषला जातो.

संदेशात खरं आहे ते एवढंच : क्वचित ती फट झडपेसारखी वागते, हवा आत जाते पण बाहेर येत नाही आणि मेंदूवर दाब वाढतो. तेव्हा मात्र शस्त्रक्रिया तातडीने लागते. वाढती गुंगी, पुन्हा पुन्हा उलट्या, झटके, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. १०८ला फोन करा. केईएम, सायन, नायर या रुग्णालयांत मेंदूशस्त्रक्रियेचे विभाग आहेत.

एक्स-रेत हवा दिसायला ती साधारण २ मिलिलिटर तरी लागते, सीटीत अर्धा मिलिलिटरही दिसते. शिवाय मेंदूतला रक्तस्राव एक्स-रेत दिसतच नाही. किरणांची काळजी रास्त आहे, आणि डॉक्टरही ती करतात; प्रत्येक टेंगळासाठी सीटी सांगत नाहीत. पण तपासून सीटी सांगितला, तर नकार देऊ नका.

संदेशात नसलेली एक गोष्ट : घरी सोडल्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलाला विमानाने नेऊ नका. उंचीवर केबिनमधला दाब कमी होतो आणि कवटीत उरलेली हवा प्रसरण पावते.