ड्रिलच्या टोकातलं कार्बाइड आणि पाण्यात फसफसणारं कार्बाइड वेगळं आहे

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कार्बाइड हे विष आहे. पाणी लागलं की त्यातून पेट घेणारा गॅस सुटतो. तेच कार्बाइड ड्रिलच्या टोकाला आणि करवतीच्या दातांना लावतात. अशी हत्यारं वापरू नका.’ लेथवर नव्याने आलेली मुलं हा वाचून खरंच घाबरली आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘तेच कार्बाइड.’ सगळी गफलत इथेच आहे. कार्बाइड हे एका पदार्थाचं नाव नसून कुळाचं नाव आहे. मेसेजमध्ये वर्णन आहे ते कॅल्शियम कार्बाइडचं, म्हणजे चुना आणि कोक विजेच्या भट्टीत सुमारे 2,000 अंश सेल्सिअसला तापवून केलेल्या करड्या खड्यांचं. हत्याराच्या टोकाला असतं ते टंगस्टन कार्बाइड. साध्या पोलादातही लोखंडाचं कार्बाइड असतंच.

‘पाणी लागलं की गॅस सुटतो.’ कॅल्शियम कार्बाइडपुरतं हे अगदी खरं. खडा पाण्यात पडला की फसफसतो, भांडं तापतं, अ‍ॅसिटिलीन हा पेट घेणारा गॅस निघतो आणि तळाशी चुन्याचा पांढरा गाळ उरतो. लसणासारखा उग्र वास मात्र अशुद्धीतून येणाऱ्या फॉस्फिनसारख्या वायूंचा. म्हणून त्याचे डबे कोरड्या जागी, ठिणगीपासून लांबच हवेत. टंगस्टन कार्बाइडच्या इन्सर्टवर (हत्याराला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यावर) तर कितीतरी कामांत पाणी मिसळलेल्या कूलंटची, म्हणजे थंड ठेवणाऱ्या द्रवाची, धार सतत पडत असते. गॅस सुटत नाही. धार लावताना तापलेलं विडियाचं (म्हणजे टंगस्टन कार्बाइडचंच) टोक पाण्यात बुडवू नका असं आम्ही बजावतो, ते एकदम थंड होऊन त्याला तडा जातो म्हणून.

‘विष आहे.’ घट्ट बसवलेलं टोक हाताळल्याने विषबाधा होत नाही. पण मेसेजने खरा धोका सांगितलेलाच नाही, आणि मला त्याचाच राग येतो. टंगस्टन कार्बाइडचे कण कोबाल्ट या धातूने बांधलेले असतात. सिलिकॉन कार्बाइडच्या हिरव्या व्हीलवर, म्हणजे फिरत्या घासचाकावर (हेही कार्बाइडच) टोकाला धार लावताना जी बारीक धूळ उडते, ती वर्षानुवर्षं श्वासात गेली तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2006 साली कोबाल्ट आणि टंगस्टन कार्बाइड या जोडीला ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं. तेव्हा मुलांनो, हत्यारं टाकू नका. व्हीलपाशी धूळ ओढणारा पंखा चालू ठेवा, योग्य मास्क लावा आणि बाकावरची धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.