बाळंतपणाचे पैसे कोणी भरायचे?

21 नोव्हेंबर 2025 ला नव्या श्रमसंहिता (कामगार कायदे) लागू झाल्या आणि आमच्या वेंगुर्ल्याकडच्या भावकीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसती हमरीतुमरी. बाईची संमती असली तरी तिला रात्रपाळी द्यावी का, यावर. त्यात काजू कारखाना असलेले एक काका बोलून गेले, "सव्वीस आठवड्यांचा पगार मी एकट्याने भरायचा, तर नवी लग्न झालेली पोर कामावर घेऊच कशाला?"

काकांना सगळ्यांनी झोडपलं. मला मात्र हॅम्बुर्गात बसून त्यांचा हिशेब चुकीचा वाटत नाही, संताप येतो तो भाग वेगळा. 2017 च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 वर नेली, पण जिथे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही तिथे भार मालकावरच ठेवला. जर्मनीत ही रजा 14 आठवड्यांचीच, आधी 6 आणि नंतर 8. पुढचा पालकभत्ता सरकार देतं. या 14 आठवड्यांत मालकाने दिलेले पैसे त्याला विमा निधीतून परत मिळतात, कारण त्या निधीत सगळेच मालक भरतात, ज्यांच्याकडे फक्त पुरुष आहेत तेसुद्धा. माझ्याकडे साफसफाईला येणाऱ्या बाईंसाठी मीही भरते, किरकोळ रक्कम असते.

माझी मावशी आधी कारखान्यात काजू फोडायची, आता घरी सोलते, किलोवर मजुरी. टरफलातल्या तेलाने बोटं अशी झिजलीत की रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. तिच्यासोबत सोलणाऱ्या तरण्या सुनांची नावं कुठल्याच हजेरीपटावर नाहीत. मग रजेसाठी लागणारे कामाचे 80 दिवस दाखवायचे कसे? पाळणाघराची सक्ती 50 कामगारांपासून पुढे, म्हणून पोरं तिथेच पडवीत, आणि त्यांचे हातही टोपलीत. काजूचं काम मुलांना मनाई असलेल्या यादीत आहे. पण पडवीत तपासायला येतो कोण?

यासाठी जर्मनीकडे बघायचीही गरज नाही. महाराष्ट्राने 1969 मध्ये हमालांसाठी माथाडी कायदा केला. मालक मजुरीबरोबर लेव्ही (वरची ठराविक रक्कम) माथाडी मंडळाकडे भरतो आणि हमाल कोणा एकाच्या पटावर नसला तरी त्याला रजा नि फंड मिळतो. तशीच लेव्ही काजूगराच्या किलोमागे कारखान्याच्या दारातच घ्यावी, माल सोलला कोणाच्याही घरी असो. ग्रुपवर हे मांडलं तेव्हा काका म्हणाले, "सगळे भरणार असतील तर मी पण भरीन."