बटणं बडवून कुस्ती जिंकता येते म्हणे!

या महिन्यात एकच मजकूर मला तीन ठिकाणांहून आला. आधी मावसभावाने पाठवला, मग ऑफिसातल्या एकाने, आणि शेवटी भाच्याने. भाच्याने तर खाली स्वतःची ओळही जोडली होती : ‘मामा, रविवारी तुला धूळ चारतो.’ मजकुराचा मथळा ‘रेसलिंग गेममध्ये कोणालाही हरवा’, आणि आत पाच मंत्र. सगळ्यात जास्त रेटिंगचा, सगळ्यात धिप्पाड पैलवान घ्या. रिव्हर्सलचं, म्हणजे समोरच्याची चाल उलटवायचं, बटण दाबतच राहा. जी चाल लागू पडली तीच पुन्हा पुन्हा मारा. फिनिशर, म्हणजे पैलवानाचा हुकमी मोठा डाव, मिळाला की त्याच क्षणी वापरा. आणि पाचवा म्हणजे सगळ्यांचा बाप : मुळात हे नाटकच आहे, यात डोकं चालवू नका, अंगठे चालवा.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. संगणकाशी सोप्या लेव्हलवर खेळलात तर हे पाचही मंत्र चालून जातात, म्हणूनच तर ते इतके पसरतात. पण शेजारच्या खुर्चीत माणूस येऊन बसला की गणित बदलतं. हे मंत्र घेऊन आलेला भाचा त्या रविवारी सलग सहा मॅच हरला, सातव्या वेळी कंट्रोलर सोफ्यावर टाकून आत निघून गेला. त्याची समजूत काढायची म्हणून हे लिहायला घेतलं, आणि ते लांबलं.

शेवटच्या मंत्रापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे चार त्याच्याच पोटी जन्मलेत.

टीव्हीवरच्या रेसलिंगचा निकाल आधीच ठरलेला असतो, हे आता कुणी लपवतही नाही. पण सोफ्यावर बसलेल्या दोघांचा निकाल कुणी ठरवलेला नसतो. आणि गंमत अशी, की ‘नाटक’ म्हणून ज्याला हिणवलं जातं त्याचीच चाल या खेळांचा नियम होऊन बसली आहे. टीव्हीवरची मॅच हळू सुरू होते, मध्ये रंगते, मोठे डाव शेवटाकडे पडतात. चांगल्या रेसलिंग गेममध्ये हा चढ नियमांतच विणलेला असतो. ज्याला तो दिसत नाही, तो पहिल्या मिनिटाला शेवटच्या मिनिटाचा डाव टाकायला जातो आणि स्वतःच पाठीवर पडतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘फायर प्रो रेसलिंग’. जपानी मालिका, पहिला खेळ १९८९मध्ये पीसी इंजिन या गेम कन्सोलवर आला. ‘फायर प्रो रेसलिंग वर्ल्ड’ २०१७मध्ये पीसीवर आला, आणि २०१८मध्ये प्लेस्टेशन ४वर, तेव्हा न्यू जपान प्रो-रेसलिंग या जपानी रेसलिंग कंपनीचे खरे पैलवान घेऊन. दिसायला अगदी जुनाट, चपट्या चित्रांचा. भाच्याने बघताक्षणी ‘हा काय मोबाइलचा गेम आहे का’ म्हणून नाक मुरडलं होतं.

इथे पकडीसाठी बटणच नाही. दोन पैलवान चालत जवळ आले की आपोआप भिडतात. दोघांचे हात एकमेकांत अडकतात, तो एक क्षण. त्या क्षणी जो बटण दाबेल त्याची चाल लागते. आधी दाबलंत, तर चाल समोरच्याची. म्हणजे ‘अंगठे चालवा’ या सल्ल्याचं इथे काय होतं ते बघा : भाच्याचा अंगठा सेकंदाला चार-पाच वेळा बटणावर आपटत होता, आणि प्रत्येक भिडंतीत तो नेमका लवकर पडत होता. मी काही मोठा खेळाडू नाही. मी फक्त थांबत होतो. पहिल्या तीन मिनिटांत त्याच्या पैलवानाला एकही चाल लागली नाही. त्याला वाटलं त्याचा कंट्रोलर बिघडलाय, म्हणून आम्ही कंट्रोलर बदलून घेतले. मग त्याला माझाही कंट्रोलर बिघडलेला वाटायला लागला.

भिडंत जिंकलात तरी पुढे पायऱ्या आहेत. चाली तीन दर्जांच्या, लहान, मध्यम आणि मोठ्या. समोरचा ताजातवाना असताना मोठी चाल टाकायला गेलात तर तो ती उलटवतो. लहान चालींनी त्याला झिजवायचं, मग मध्यम, मग मोठ्या. आता तो कितपत झिजलाय हे कळायचं कसं? पडद्यावर ताकदीची पट्टी नाहीच. तो पडल्यावर किती वेळ पडून राहतो, उठायला किती वेळ लावतो, यावरून ताडायचं. त्यात श्वास घ्यायचं बटण वेगळं. आपला पैलवान धापा टाकायला लागला की दूर सरकायचं, दम खायचा, मग परत यायचं. बटणं बडवणारा दम खाणार कधी?

आपल्याकडे मातीतल्या कुस्तीत सलामीनंतर जी खडाखडी चालते, ती बघताना नवख्या माणसाला वाटतं, हे नुसतेच हात झटकतायत, कुस्ती सुरू का होत नाही. कुस्ती तेव्हाच सुरू झालेली असते. फायर प्रोची पहिली तीन-चार मिनिटं अशीच.

एवढ्यानेही कुणाचं समाधान होत नसेल तर पुढची गोष्ट ऐका. याच खेळात आपला पैलवान स्वतः घडवता येतो, आणि त्याचं ‘लॉजिक’ टक्क्यांमध्ये भरता येतं. समोरचा ताजा असताना कोणती चाल किती टक्के वेळा टाकायची, थकल्यावर कोणती, तो पडला की पिन करायचं (तीन मोजेपर्यंत खांदे जमिनीला दाबून धरायचे) की उचलून पुन्हा आपटायचं, सगळं आकड्यांत. मग दोन्ही पैलवान संगणक लढवतो. लोक अशा घडवलेल्या पैलवानांच्या लीग चालवतात. मॅच चालू असताना कुणाचाही अंगठा बटणावर नसतो. मालक हातात चहा घेऊन आपला पठ्ठ्या जिंकतो की हरतो ते बघत बसतात. पाचवा मंत्र लिहिणाऱ्याने इथे काय चालवायचं?

एक मात्र मान्य. पिन झाल्यावर खांदे उचलायला फायर प्रोमध्ये बटणं बडवावीच लागतात, आणि बऱ्याच जुन्या खेळांतही तसंच आहे. तेवढ्या तीन मोजेपर्यंत अंगठे खुशाल चालवा.

आता रिव्हर्सल. ‘दाबतच राहा’ हा सल्ला कुठल्या काळातला आहे, मला कळत नाही. २००३च्या ‘स्मॅकडाउन : हिअर कम्स द पेन’मध्ये, जो आमच्या पिढीने तासाला वीस रुपये मोजून पीएसटूच्या पार्लरमध्ये खेळला, त्यातसुद्धा माराला एक आणि पकडीला दुसरं अशी रिव्हर्सलची दोन बटणं होती. काय येतंय हे आधी ओळखावं लागायचं. पुढे २०१५मध्ये आलेल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई २के१६’ने तर रिव्हर्सलवर रेशनच लावलं. मोजकी रिव्हर्सल्स हातात, वापरलं की एक कमी, मग ते हळूहळू परत भरणार. साध्या ठोशावर रिव्हर्सल खर्च करणाऱ्याकडे फिनिशर येताना शिल्लक काहीच उरायचं नाही. मुरलेला खेळाडू मुद्दाम किरकोळ चाली करून समोरच्याची शिल्लक संपवायचा आणि मगच मोठा डाव टाकायचा. महिनाअखेरीला पगार संपलेल्या माणसाकडे वर्गणी मागायला गेल्यासारखं, देणार कुठून? पुढच्या खेळांत व्यवस्था बदलत गेली, पण वेळ साधायची अट कधीच सुटली नाही. बटण घाईने दाबलं की रिव्हर्सल हुकतं आणि मार बसतो.

तिसरा मंत्र, तीच चाल पुन्हा पुन्हा. डब्ल्यूडब्ल्यूई २केच्या मुख्य मालिकेत दोन-अडीच वर्षांचा खंड पडल्यानंतर मार्च २०२२मध्ये ‘२के२२’ आला तेव्हा खेळायची पद्धतच नव्याने मांडली होती. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर चौकोन हलका मार, फुली जोराचा मार, गोल म्हणजे पकड. त्यांची साखळी करून कॉम्बो मारायचा. आणि कॉम्बोत सापडलेल्याला सुटकेची वाट अशी, की मारणारा पुढे जे बटण दाबेल तेच त्याने ओळखून दाबायचं. जुळलं की साखळी तुटली. थोडक्यात दगड-कागद-कात्री. आणि दगड-कागद-कात्रीत दर वेळी दगडच काढणाऱ्याला हरवायला किती अक्कल लागते? भाचा चौकोन, चौकोन, चौकोन असा येत होता. चौथ्या मॅचला मी पडद्याकडे न बघता फोनवर बोलत त्याची साखळी तोडली. (हे जरा जास्तच झालं, कबूल. तो रुसला त्यात याचाही वाटा असणार.) नवशिक्याने एकच करावं : दोन कॉम्बो पाठ करावेत, जे सुरू सारखे होतात पण शेवटच्या बटणाला वेगळे वळतात. एवढ्यानेही समोरच्याचा अंदाज निम्म्या वेळा चुकतो.

रेटिंगवाल्या मंत्रात थोडं तथ्य आहे. मोठ्या रेटिंगचा पैलवान मार जास्त खातो आणि देतोही. वजनाचाही फायदा खरा आहे, रे मिस्टेरिओसारखा छोटा पैलवान घेऊन तुम्ही ओमॉससारख्या धिप्पाडाला उचलून आपटायला गेलात तर तो जागचा हलायचा नाही. पण रेटिंग ही ताकद, वेग, दम अशा कितीतरी गुणांची गोळाबेरीज असते. तुमचा खेळ पळापळीचा असेल तर ओमॉसचं वजन तुमच्या काय कामाचं? शिवाय या खेळांमध्ये शरीराच्या प्रत्येक भागाची इजा वेगळी मोजली जाते. उचलता येत नाही ना, मग पायांवर मारत राहायचं. भाच्याचा ओमॉस माझ्या मिस्टेरिओकडून हरला तो असाच, एकदाही न उचलला जाता. नव्याने बाकी काही करू नये, मधल्या वजनाचा एक पैलवान धरावा, महिनाभर बदलू नये, आणि त्याची कुठली चाल कुठल्या दिशेच्या बटणावर आहे हे हाताला पाठ होऊ द्यावं.

राहिला फिनिशर मिळताच वापरायचा मंत्र. हा मीही वर्षानुवर्षं पाळलाय, म्हणून याची किंमत मला नीट ठाऊक आहे. पार्लरमधल्या दिवसांत आमच्या गल्लीत छोटीशी स्पर्धा झाली होती, बक्षीस म्हणजे एक वडापाव आणि तासभर फुकट खेळ. उपांत्य फेरीत माझा फिनिशर तयार झाला आणि समोरचा दोरांपाशी डुलत होता. मी आपटला. अगदी सणसणीत बसला. पिन केलं, पंचाने जमिनीवर हात मारला, एक, दोन, आणि समोरच्याचा पाय आरामात खालच्या दोरावर. रोप ब्रेक, म्हणजे दोराला पाय लागला की पिन रद्द. पुढच्या मिनिटाभरात मी हरलो.

चूक फिनिशरची नव्हती, जागेची होती. समोरच्याला आधी रिंगच्या मध्यावर आणायचं, ओढत आणावं लागलं तरी चालेल. त्याची रिव्हर्सल करायची कुवत संपलीय का, तो उठताना अडखळतोय का, हे बघायचं. ‘२के२२’मध्ये तर फिनिशर साठवूनही ठेवता येतात, मग घाई कसली? एक खर्चून समोरच्याला संपवता येत नसेल तर दुसरा हाताशी असेपर्यंत थांबायला हरकत नाही. उलट फिनिशर तयार आहे हे समोरच्याला दिसत असतं, आणि तो नुसता शिल्लक असला तरी समोरचा जपून खेळायला लागतो. ती भीती आपोआप काम करत राहते.

भाच्याला मी आता फायर प्रो लावून दिलाय. अट एकच, पूर्ण मॅचभर फक्त लहान चालीचं बटण, तेही हात अडकल्यावर. पहिल्या दिवशी दहापैकी दोन भिडंती जिंकला. काल सहा जिंकला, आणि सातव्या वेळी न विचारता मध्यम चाल टाकली. लागली.