महाराष्ट्राचं फोटो वर्कशॉप: ठिकाणं कमी करा, मुक्काम वाढवा

डिसेंबरात गोव्यातून महाराष्ट्रभर फोटोग्राफीचं वर्कशॉप न्यायचं घाटतंय. आपल्या ग्रुपवर त्याचा आराखडा फिरतोय: आठ दिवसांत कोल्हापूर, पंढरपूर, वेरूळ, अजिंठा, लोणार, ताडोबा आणि परतताना रायगड. मंडळी, ही सहल झाली. शिकायला पैसे भरून येणाऱ्यांना असं फिरवून आणणं मला पटत नाही.

आपल्या डोक्यात गोव्याची अंतरं बसलेली असतात. सकाळी पेडण्याहून निघालं की जेवणाआधी काणकोण येतं. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्र ३,०७,७१३ चौरस किलोमीटरचा. नुसतं पणजी ते नागपूर हेच अंतर हजार किलोमीटरच्या घरात जातं. हिवाळ्यात कामाचा उजेड सकाळी दीडेक तास आणि संध्याकाळी तेवढाच. आराखड्यात नेमके हेच तास गाडीत जाताहेत आणि रणरणत्या दुपारी लेण्यांसमोर उतरायचंय!

उजेडाचंही गणित आहे. डिसेंबरात नागपूरला सूर्य पणजीपेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो. लोणारला वीसेक मिनिटं आधी. शिवाय तिथल्या तळ्याभोवतीच्या विवराच्या कडा उंच, त्यामुळे आत पाण्यावर सावली त्याहून लवकर येते. पणजीच्या मिरामार किनाऱ्याच्या हिशेबाने साडेपाचला तिथे पोचलात तर हाती काही लागायचं नाही.

माझं म्हणणं, कोल्हापूर, वेरूळ, अजिंठा आणि लोणार एवढंच ठेवा. ताडोबा वेगळं करा. जंगलाची लेन्स वेगळी, सफारीचं बुकिंग वेगळं, शिकायचंही वेगळंच असतं.

कोल्हापूर भागात हंगामातलं गुऱ्हाळ घ्या, पण दोन सकाळ घ्या. काहिलीतून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईतून, वाफेचे लोट उठत असतात, चुलवाणाचा जाळ तांबडा आणि दारातून येणारा उजेड निळसर. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाप्रमाणे रंग आपोआप जुळवणारी सोय, तिथे पार गोंधळतो. वाफेच्या मागून उजेड येईल असं उभं राहावं लागतं, नाहीतर सगळं पांढरं फटक. गुळव्या पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो, तो क्षण डोळ्यांदेखत निसटतो. पहिल्या दिवशी बहुतेकांचे फोटो फसणार. संध्याकाळी लॅपटॉपवर सगळ्यांनी एकमेकांचे फोटो बघायचे, भांडायचं आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याच काहिलीसमोर उभं राहायचं. खरं शिकणं त्या दुसऱ्या सकाळी होतं. आराखड्यात ती एकाही ठिकाणी नाही, माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

तारखा पुढे ढकलता आल्या तर फारच उत्तम. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारीला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीची किरणं गाभाऱ्यापर्यंत कशी पोचतात, ते उजेड शिकणाऱ्याने कॅमेरा बाजूला ठेवूनसुद्धा बघावं.

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. त्यामुळे वारांची जुळणी आधी, हॉटेलं नंतर. वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे. कैलास लेण्याला दुपार कलल्यावरच जा, कोरीव कामाला तेव्हा उठाव येतो. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि ते योग्यच आहे, ती चित्रं आणखी शतकानुशतकं टिकायला हवीत. ट्रायपॉडचं पुरातत्त्व खात्याला आधी विचारून घ्या. तो नसला तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता) चढवून, श्वास रोखून, खांबाला टेकून फोटो काढावे लागतील. नवशिक्याला याहून चांगली शाळा नाही.

गाडीबद्दल दोन शब्द. कुणाच्या तरी घरच्या गाड्या काढून खर्च वाचवायचा विचार दिसतोय. पैसे घेऊन माणसं नेताना खाजगी पाटीची गाडी वापरू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. परमिटवाली टेम्पो ट्रॅव्हलर घ्या, ड्रायव्हरला पहाटे उठायचंय म्हणून रात्रीचा प्रवास बंद ठेवा. माणसं दहाच्या वर नकोत. प्रत्येकाचे फोटो नीट बघायचे म्हणजे एका शिकवणाऱ्याला दहा जण भरपूर झाले.

आणि बजेटमध्ये प्रिंटचे पैसे धरा. गुऱ्हाळावरच्या माणसांचे फोटो काढून आपण निघून येतो, त्यांच्या हाती काहीच पडत नाही. निघताना पत्ते लिहून घ्या आणि परत आल्यावर महिन्याभरात प्रिंट पोस्टाने पाठवा. पत्ते लिहायचं काम मी अंगावर घेतो.