नव्या सिस्टरला एकटीला नाइट लावू नका

जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा नाहीतर बीएस्सी नर्सिंग करून, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात पडलं की लातूर, बीड, नांदेडकडच्या कितीतरी मुली ठाणे-नवी मुंबईत येतात. घणसोली-कोपरखैरण्यात एका खोलीत चौघी-पाचजणी. कुणाची मॉर्निंग, कुणाची नाइट. रात्रभर जागून आलेलीला दुसरीच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकत झोपायचं असतं. संध्याकाळी आईचा फोन आला की "बरं चाललंय" एवढंच सांगायचं.

मी इकडच्याच एका खासगी हॉस्पिटलात वॉर्ड इनचार्ज आहे. "हल्लीच्या मुली टिकत नाहीत, जरा काही झालं की रडतात" हे सतत कानावर पडतं. मला ते अजिबात मान्य नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वॉर्डातल्या एका नव्या मुलीचा पेशंट पहाटे गेला. सीपीआर झाला, डॉक्टरांनी ईसीजीची सरळ रेघ बघून वेळ लिहिली आणि ते दुसऱ्या कॉलला गेले. त्यानंतरचं सगळं सिस्टरचंच असतं. आयव्ही, कॅथेटर, नाकातून घातलेली राइल्स ट्यूब काढायची. अंग पुसायचं, नाकात कापूस घालायचा, हनुवटी बांधायची, पायाचे अंगठे बांधायचे, नावाचं लेबल लावायचं. बाहेर नातेवाईक आरडाओरडा करत असतात, त्यांच्याच सह्या घ्यायच्या. हे सगळं तिने आयुष्यात पहिल्यांदा केलं, सोबतीला फक्त एक मावशी. आणि सहा वाजता ती शेजारच्या बेडवरच्या आजोबांची शुगर तपासत होती, कारण त्यांच्या इन्सुलिनची वेळ झाली होती. सकाळी हँडओव्हर घेताना मला एकही नोंद राहिलेली दिसली नाही. पेन धरलेला हात मात्र थरथरत होता, आणि रात्रीचा डबा तसाच भरलेला होता.

हिला कमकुवत म्हणायचं?

कॉलेजात शिकवलेलं नर्सिंग आणि वॉर्डात करावं लागणारं नर्सिंग यातली दरी नव्या नर्सला हादरवते, हे अमेरिकेत नर्सिंगच्या अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी १९७०च्या दशकातच मांडलं. कॉलेजात एका पेशंटचा केअर प्लॅन लिहायला अख्खा दिवस मिळतो. वॉर्डात इंजेक्शनं, अ‍ॅडमिशन, डिस्चार्ज आणि "ओ सिस्टर, सलाईन संपली" हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं. चुकीचा डोस गेला तर, या भीतीने मुली घरी पोचल्यावरही झोपत नाहीत, ड्युटीवरच्या मैत्रिणीला फोन करून चार्ट पुन्हा बघायला लावतात.

पगाराचंही बोललंच पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या निकालानंतर केंद्राच्या समितीने शिफारस केली होती की ५० पेक्षा कमी बेडच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सला किमान २०,००० रुपये द्यावेत, आणि २०० पेक्षा जास्त बेड असतील तर सरकारी नर्सइतका पगार. तुमच्या ओळखीतल्या एखाद्या फ्रेशरला तिचा पगार विचारून बघा. खोलीचं भाडं, घरी पाठवायचे पैसे, शिक्षणाचं कर्ज, म्हणून ती डबल ड्युटी घेते. मग झोप जाते, आणि झोप गेली की मनाचं काय होतं ते आपण नर्सेसनाच माहीत असायला हवं.

वर्षातून एकदा ध्यानाचं सेशन ठेवून हे सुटणार नाही. पहिले तीन महिने नव्या मुलीसोबत एक ठरलेली सीनियर हवी, आणि त्या सीनियरचे पेशंट त्या काळात कमी करायला हवेत, नाहीतर ती शिकवणार कधी? पहिला मृत्यू पाहिलेल्या मुलीला त्याच शिफ्टमध्ये दहा मिनिटं बसवून कुणीतरी बोलायला हवं. आणि सगळ्यांसमोर, पेशंटसमोर ओरडणं बंद. आम्हीही असंच ऐकून शिकलो, हे काही ते चालू ठेवायचं कारण नाही.

नव्या मुलींनो, फारच जड झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे. मोफत, मराठीत, चोवीस तास. नाइटच्या ब्रेकमध्येही लागतो.

आणि इनचार्ज मंडळी, पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट करताना नव्या मुलीच्या नावापुढे नाइटचा 'एन' लिहिण्याआधी त्या रात्री तिच्यासोबत सीनियर कोण आहे, तेवढं बघा.