शिलाई कारखाना काढणाऱ्यांसाठी काही हिताच्या गोष्टी

तालुक्याच्या गावी एखादे रिकामे कापसाचे गोदाम भाड्याने घेऊन शर्ट शिवण्याचा कारखाना काढायचा आपला विचार पक्का झाला असेल, तर मशिनी आणण्याआधी थोडा इतिहास वाचावा. उन्हात कापूस वेचणाऱ्या बाया पंख्याखालचे काम म्हटल्यावर आपणहून येतील. मात्र भरतीच्या वेळी, आजोबा हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या मिलमध्ये तर नव्हते ना, एवढे अवश्य विचारावे. अशा घरांत ‘गेट मीटिंग’, म्हणजे मिलच्या दारात भरणारी कामगार संघटनेची सभा, वारशाने चालत येते आणि त्यावर औषध नाही.

मजुरीवरून कुरकुर झाली तर घाबरू नये. न्यूयॉर्कमध्ये 1909 साली सुमारे 20,000 शिलाई कामगारांनी, त्यांतही बहुतेक तरुण मुलींनी, संप केला, तेव्हा ट्रायंगल शर्टवेस्ट कंपनीच्या मालकांनी पगार वाढवला, पण संघटनेला मान्यता शेवटपर्यंत दिली नाही. माल चोरीला जाऊ नये म्हणून ते एक दार कुलूपबंद ठेवीत. 25 मार्च 1911 रोजी आग लागली, नवव्या मजल्यावरचे ते दार उघडलेच नाही आणि 146 जण मेले. मालक खटल्यातून निर्दोष सुटले. पुढे दार पुन्हा बंद सापडले म्हणून त्यांच्यापैकी एकाला 20 डॉलर दंड झाला, आणि 1914 मध्ये दिवाणी दाव्यांत जिवामागे 75 डॉलरवर तडजोड झाली. तेव्हा सुट्टीच्या वेळी बायांचे डबे उघडून, भाकरीच्या फडक्यात धाग्याचे रीळ तर नाही ना, हे पाहण्यासाठी एकच दार उघडे ठेवायला आपणही कचरू नये; हिशेब परवडणारा आहे. त्या आगीनंतर संघटना बळावली आणि राज्याला कारखान्यांचे कायदे बदलावे लागले, ते पान वाचलेच पाहिजे असे नाही.

गोदामाच्या भिंतीला तडे गेले, तर ढाक्याजवळचे राणा प्लाझा आठवावे. 23 एप्रिल 2013 रोजी तिथे तडे दिसले. दुसऱ्या दिवशी पगार बुडण्याची भीती घालून कामगारांना आत घेतले आणि इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे दगावली. आत संघटना असती, तर सगळ्यांनी मिळून पायरीवरच बसकण मारली असती आणि परदेशी ऑर्डरचा एक दिवस फुकट गेला असता. संघटनेचे नुकसान म्हणतात ते हेच.

आता नव्या औद्योगिक संबंध संहितेनुसार, एकाहून अधिक संघटना असल्या तर हजेरीपटावरचे 51 टक्के कामगार जिच्या मागे असतील, तीच वाटाघाटीला बसते. म्हणून हजेरीपट शक्य तितका बारीक ठेवून बाकीच्या बाया ठेकेदाराच्या नावावर घ्याव्यात. कुणी विचारलेच, तर या बाया आपल्या नाहीतच, असे सांगावे. पगाराच्या दिवशीही हेच उत्तर चालते.