देवाचं कूळ व्हायचंय? मग ऐका

पाव्हणं, देवस्थानची जमीन खंडानं, म्हणजे वर्षाचं भाडं भरून, कूळ म्हणून कसताय? झ्याक. मालक असावा तर असा. बांधावर येऊन उभा राहत नाही, उसाला तोड कधी म्हणून विचारत नाही. खंड तेवढा वेळेत भरायचा. तो ठरतो कचेरीत, आणि ठरवणाऱ्यानं तुमचं रान कधी बघितलेलं नसतं, त्यामुळं न्याय कसा अगदी निःपक्ष! पंचगंगेकाठची गाळाची आणि माळावरची कुसळाची, दोघींना एकच दर. समता शाहू महाराजांच्या कोल्हापुरात नाही तर कुठं असणार?

पूर आला म्हणून खंडात सूट मागायला मात्र जाऊ नका. मी 2019 ला गेलो होतो. पोंग्यात गाळ बसून आख्खा ऊस कुजलेला. कारकुनानं अर्ज वाचला आणि विचारलं, "पूर आल्याचा पुरावा?" त्याच्या खुर्चीमागं भिंतीवर पाण्याची रेघ होती, त्याच्या डोक्याच्या वर वीतभर. मी रेघेकडं बघितलं, त्यानं घड्याळाकडं. जेवणाची सुट्टी झाली होती.

कायदा तर अजिबात काढू नका. कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 ला कसणारा मालक झाला म्हणतात (तारीख मी निवडलेली नाही). सार्वजनिक देवस्थानांच्या जमिनींना मात्र त्यातनं कलम 88 ब ची सूट. सूट मिळते ती अशी, देवाला. त्याच कायद्यात 1956 च्या दुरुस्तीनं खंडाला चाप लावलाय: आकाराच्या (म्हणजे शेतसाऱ्याच्या) पाचपट किंवा एकरी 20 रुपये, यांत कमी असेल तो. हे कचेरीत मोठ्यानं वाचू नका, साहेबांना ठसका लागतो.

पीएम किसानचे वर्षाला 6,000? ते जमीन ज्याच्या नावावर त्याला. सातबाऱ्यावर नाव देवाचं. आता ई-केवायसीला देवाचा अंगठा कसा उठवायचा, ते पुजाऱ्याला विचारा.

पावत्या तेवढ्या जपा. आमच्या आज्ज्यापासूनच्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत, डांबरगोळ्या घालून. दरवाढीविरुद्ध सुनावणीला सगळा गठ्ठा नेला. नव्या साहेबांनी एकेक पावती उलटून बघितली, कौतुकानं मान डोलावली आणि म्हणाले, "तीन पिढ्यांत एकदाबी थकबाकी नाही! म्हणजे परवडतंय की तुम्हाला."